ऑनलाईन मागवलेलं माशीखाऊ झाड महिन्यात का मरतं? उत्तर अकोल्याच्या डोंगरात आहे

ते रील तुम्हीही बघितलं असणार. हिरवं पान, आत लालभडक तोंड, कडेला दातांची रांग. एक माशी येऊन बसते आणि खटकन तोंड बंद. खाली कमेंटमध्ये निम्मे लोक एकमेकांना टॅग करून म्हणतात, "भावा, आपल्या रूमवर एक पाहिजे," आणि उरलेले विचारतात, "कुठं मिळेल?"

तर मिळतं. पुण्या-मुंबईच्या मोठ्या नर्सरीत मिळतं, ऑनलाईन मागवलं की खोक्यात बसून नगरला घरपोचही येतं. पहिले आठ दिवस घरातली पोरं काडी घालून एकेक तोंड बंद करून बघतात. दुसऱ्या आठवड्यात तोंडं काळी पडायला लागतात. महिना-दीड महिन्यात कुंडीत काळा चोथा उरतो आणि आई म्हणते, "सांगितलं होतं, मोगरा आण."

बहुतेकांना वाटतं झाड उपाशी मेलं, घरात माशा कमी पडल्या. कारण साफ वेगळं असतं. ते समजून घ्यायचं तर आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जावं लागेल. कारण माशीखाऊ झाडं ही काही फक्त अमेरिकेची मक्तेदारी नाही. ती अकोले तालुक्यात पावसाळ्यात आपोआप उगवतात आणि कित्येक ट्रेकर ती तुडवून पुढे जातात.

(विदर्भातलं अकोला नाही. आपलं अकोले. अगस्ती ऋषींचं.)

एक जिल्हा, दोन हवामानं

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा. नगर शहरात वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आत-बाहेर पाऊस पडतो, पाथर्डी-जामखेडकडे तर टँकरची आठवण दर उन्हाळ्यात येते. आणि याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, दीडेकशे किलोमीटरवर, भंडारदरा, रतनवाडी, घाटघर हा पट्टा आहे. घाटघरला लोक नगरची चेरापुंजी म्हणतात ते उगाच नाही, तिथे पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो. १,६४६ मीटरचं कळसूबाई शिखर, रतनगड, हरिश्चंद्रगड हे सगळं इथलंच, आणि यातला मोठा भाग १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो.

आता विचार करा, एखाद्या कातळाच्या पठारावर चार महिने असा पाऊस कोसळत असेल तर तिथल्या मातीचं काय होत असेल? मुळात माती बोटभर. तीही धुऊन धुऊन अशी झालेली की नत्र नाही, स्फुरद नाही, विरघळण्यासारखं जे काही होतं ते सगळं ओढ्याने प्रवरेत गेलं. शेतकऱ्याच्या भाषेत बोलायचं तर ती जमीन निव्वळ निकस. वर ऑक्टोबरनंतर कातळ तापायला लागला की पाणीही संपतं.

अशा जागी उगवायचं असेल तर खत कुठून तरी आणावं लागणार. काही झाडांनी ते किड्यांकडून घ्यायला सुरुवात केली.

इथे एक गैरसमज मोडून टाकू. ही झाडं किडे खाऊन 'पोट भरत' नाहीत. आपली भाकरी ती इतर झाडांसारखीच उन्हात स्वतः थापतात. हिरवी आहेत, प्रकाशसंश्लेषण करतात. किड्यातून त्यांना हवं असतं ते नत्र आणि स्फुरद. म्हणजे माशी हे त्यांचं जेवण नव्हे, तो त्यांचा युरिया आहे. हे एक वाक्य डोक्यात बसलं की पुढची सगळी काळजी कशी घ्यायची ते अर्धं आपोआप कळतं.

सीतेची आसवे

ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरमध्ये हरिश्चंद्रगडावर, रतनगडाच्या वाटेवर, भंडारदऱ्याच्या वरच्या पठारांवर कधी गेलात तर ओल्या, पाणी झिरपणाऱ्या जागी निळ्या-जांभळ्या इवल्याशा फुलांचा गालिचा दिसतो. फुलाच्या मधोमध पांढरा ठिपका, थेंबासारखा. ही 'सीतेची आसवे'. वनवासात सीतामाईचे अश्रू जमिनीवर पडले आणि त्यांची फुलं झाली, अशी गोष्ट सह्याद्रीत सांगतात. आणि अकोल्यात अगस्तींचा आश्रम, तिथे रामाला बाण मिळाला ही लोकांची श्रद्धा. त्यामुळे इथे ती गोष्ट जरा जास्तच घरची वाटते.

साताऱ्याचं कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटासोबत जागतिक वारसा यादीत गेलं तेव्हापासून या फुलाचे फोटो सगळीकडे फिरतात. पण फोटोत जे येत नाही ते खाली आहे. या नाजूक, रडक्या नावाच्या फुलाचं झाड शिकारी आहे.

वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव युट्रिक्युलारिया. त्याला खरी मुळंच नसतात. चिखलात पसरलेल्या केसासारख्या फांद्यांवर बारीक फुगे असतात, मोहरीच्या दाण्याहूनही लहान. झाड त्या फुग्यातलं पाणी सतत बाहेर काढत राहतं, त्यामुळे फुगा आत ओढल्यासारखा चपटा होतो आणि आत दाब कमी होतो. फुग्याच्या तोंडाशी झडप आणि झडपेवर केस. चिखलाच्या पाण्यात पोहणारा एखादा सूक्ष्म जीव त्या केसाला लागला की झडप उघडते, पाण्यासकट तो आत खेचला जातो आणि झडप मिटते. हे सगळं एका मिलिसेकंदाच्या आसपास, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात. रीलमधला तो व्हीनस फ्लायट्रॅप याच्यासमोर पेन्शनर वाटावा. वनस्पतींच्या जगात इतक्या वेगाने शिकार करणारं दुसरं काही सापडणं अवघड.

जगभरात या एकाच कुळीच्या दोनशेहून जास्त जाती आहेत, भारतात तीसहून अधिक. काही चिखलात, काही तळ्यात तरंगणाऱ्या, काही पाणी पाझरणाऱ्या कातळावरच्या शेवाळात. भारतातल्या या वनस्पतींवरचं महत्त्वाचं काम एम. के. जनार्थनम आणि ए. एन. हेन्री यांचं, १९९२ मधलं. पुढे कोल्हापूरचे श्रीरंग यादव, मिलिंद सरदेसाई आणि एस. पी. गायकवाड यांनी २००० मध्ये महाराष्ट्रातून एक नवीन जात नोंदवली, तेव्हा तिला नाव दिलं युट्रिक्युलारिया जनार्थनामाय. म्हणजे विज्ञानाला माहीत नसलेलं कीटकभक्षी झाड आपल्या सह्याद्रीत या शतकाच्या उंबरठ्यावर सापडत होतं. रील बनवायचंच असेल तर यावर बनवा.

दुसरा शिकारी म्हणजे ड्रोसेरा. मराठीत सुंदर नाव आहे, 'दवबिंदू'. पानांवर लालसर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चकाकणारा थेंब. भर उन्हातही तो वाळत नाही, कारण ते दव नसून चिकट डिंक असतो. डास, चिलट, मुंगी पाणी समजून किंवा चुकून टेकलं की चिकटलं. मग आजूबाजूचे केस हळूहळू त्याच्याकडे वाकतात, पान पाचकरस सोडतं आणि काही दिवसांनी फक्त टरफल उरतं. सह्याद्रीच्या पठारांवर याच्या दोन जाती जास्त भेटतात. ड्रोसेरा इंडिका उभी, गवतासारख्या लांब पानांची, गुलाबी फुलांची. ड्रोसेरा बर्मानाय जमिनीला चिकटून, नाण्याएवढी लाल चकती. ही दुसरी तर इतकी झटपट आहे की तिच्या कडेचे केस काही सेकंदांत किड्यावर वाकतात.

चार्ल्स डार्विनला या दवबिंदूच्या कुळाने झपाटलं होतं. १८६० मध्ये इंग्लंडमधल्या माळावर त्याने ते पहिल्यांदा लक्ष देऊन बघितलं आणि पंधरा वर्षं त्याच्यावर प्रयोग केले. भाजलेलं मांस, अंड्याचा पांढरा भाग, दूध, चीज, काय काय पानावर ठेवून बघितलं. १८७५ मध्ये त्याचं पुस्तक आलं, 'इन्सेक्टिव्होरस प्लांट्स'. पण किडे खाऊन झाडाचा खरंच फायदा होतो का, हे दाखवलं त्याच्या मुलाने, फ्रान्सिसने. त्याने काही दवबिंदूंना मांसाचे कण दिले, काहींना नाही दिले. ज्यांना दिले त्यांना बिया कितीतरी जास्त आल्या.

मग पठारावरूनच एक उपटून आणलं तर?

हा प्रश्न डोक्यात आला असेल तर थांबा. दोन कारणं आहेत, एक कायद्याचं आणि एक साध्या व्यवहाराचं.

कायदा सरळ आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार अभयारण्यातून कुठलीही वनस्पती परवानगीशिवाय काढणं हा गुन्हा आहे. फूल तोडलं, चिखलासकट डबीत भरलं, "एकच तर घेतलं", काहीही असो. वनखात्याचा माणूस समोर नव्हता म्हणून तो गुन्हा राहत नाही असं नाही.

व्यवहाराचं कारण जास्त पटेल. ते जगत नाही. दवबिंदू आणि सीतेची आसवे यातल्या पठारावरच्या बहुतेक जाती एका पावसाळ्याच्या पाहुण्या आहेत. जूनमध्ये रुजतात, सप्टेंबरमध्ये फुलतात, बी टाकतात आणि पाणी आटलं की संपतात. तुम्ही फुलावर आलेलं झाड आणता, म्हणजे त्याचे शेवटचे काही आठवडे आणता. त्यातही युट्रिक्युलारियाचे फुगे चिखल हलवला की फाटतात. घरी पोचेपर्यंत अर्धं मेलेलं असतं. आणि तिकडे त्या जागी पुढच्या वर्षी पडणाऱ्या काही शे बिया पडतच नाहीत.

काजव्यांच्या मोसमात भंडारदऱ्याला रात्री गाड्यांची काय रांग लागते ते नगर-नाशिककरांना सांगायला नको. कातळावरच्या या झाडांची उंची बोट-दोन बोटं. त्यांच्यावर एक गट फोटोसाठी बसून उठला तरी त्या तुकड्याचं वर्ष गेलं. याच अकोले तालुक्यात, कोंभाळणे गावात राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणं जपून पद्मश्रीपर्यंत मजल मारली. त्या तालुक्यात जाऊन बी पडायच्या आधी झाड उपटायचं, हे जरा विचित्रच.

हा प्रकार फक्त आपल्याकडे नाही. व्हीनस फ्लायट्रॅप हे जगप्रसिद्ध झाड मुळात जगात एकाच छोट्या पट्ट्यात जंगली उगवतं, अमेरिकेच्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलायना राज्यांच्या किनारी भागात. लोकांनी ते पोत्यांनी उपटून विकलं. शेवटी नॉर्थ कॅरोलायनाने डिसेंबर २०१४ पासून ते चोरणं हा गंभीर गुन्हा ठरवला, ज्यात तुरुंगवास होतो.

भारतात तशीच गत घटपर्णीची. आपल्या देशात नैसर्गिकरीत्या उगवणारी एकच घटपर्णी आहे, नेपेंथिस खासियाना, आणि ती मेघालयाच्या डोंगरांत. गारो लोक तिला 'मेमांग-कोक्सी' म्हणतात, म्हणजे भुताची टोपली. पानाच्या टोकाला लटकणारा घडा, कड निसरडी, तळाला पाचकरस. ही जात कायद्याच्या संरक्षित यादीत आहे. परवान्याशिवाय ती लावणं, बाळगणं, विकणं या सगळ्यावर बंदी आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारातही ती सगळ्यात कडक यादीत येते. त्यामुळे कोणी "ओरिजिनल मेघालय पिचर प्लांट" म्हणून स्वस्तात देत असेल तर हात जोडा.

आता तुमची कुंडी का मेली ते बघू

नगरमधल्या बहुतेक कीटकभक्षी झाडांचा खुनी एकच असतो आणि तो नळातून येतो.

आठवा, ही झाडं अशा मातीत घडलीत जिथे क्षार नावालाही नाहीत. त्यांच्या मुळांना क्षार सहन करायची सवयच नाही. आणि आपलं पाणी? बोअरचं पाणी असलेल्या घरात बादलीच्या आत पांढरा थर असतो, साबणाला फेस येत नाही, गिझरची कॉइल दोन वर्षांत चुन्याची कांडी होते. ते पाणी झाडाला घातलं की पाणी उडून जातं आणि क्षार कुंडीत राहतात. रोज थोडे थोडे. तीन-चार आठवड्यांत मुळं जळतात. वर बघणाऱ्याला वाटतं, माशा मिळाल्या नाहीत.

विरघळलेले क्षार मोजायला टीडीएस मीटर मिळतो, पेनासारखा, काही शे रुपयांत. आरओवाल्याकडे असतोच, एकदा मागून बघा. कीटकभक्षी झाडांसाठी आकडा ५० च्या खाली हवा. बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी याच्या दहापट आणि अधिकही भरतं. घरातल्या आरओचं पाणी चालू शकतं, पण मोजून. कारण चव यावी म्हणून काही मशिनमध्ये थोडं मूळ पाणी परत मिसळलेलं असतं. बाटलीबंद 'मिनरल' पाण्यात तर खनिजं मुद्दाम घातलेली असतात, ते नको. आणि आरओच्या पाइपातून बाहेर जाणारं पाणी म्हणजे गाळून काढलेले सगळे क्षार एकत्र, ते चुकूनही नको. एसीच्या नळीतून टपकणारं पाणी मात्र चालतं. फक्त मोसमात पहिल्यांदा एसी लावल्यावरचं धुळकट पाणी सोडून द्यायचं.

सगळ्यात उत्तम पावसाचं पाणी. नगरमध्ये पाऊस कमी म्हणून हे अशक्य वाटतं, पण हिशेब करून बघा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. गच्चीवर दहा चौरस मीटरची स्वच्छ ताडपत्री अंथरली आणि एक चांगला वीस मिलिमीटरचा पाऊस झाला, तर दोनशे लिटरचा ड्रम भरतो. आणि लागतं किती? चार-पाच कुंड्यांच्या ट्रेला उन्हाळ्यात दिवसाला अर्धा लिटर धरलं तरी मार्च ते मे या ९२ दिवसांचे होतात ४६ लिटर. एका पावसात पूर्ण उन्हाळा निघतो. पहिल्या सरीचं पाणी धुळीचं, ते वाहू द्या. आणि ड्रमला घट्ट झाकण हवंच. उघड्या ड्रममध्ये जेवढे डास तयार होतील तेवढे तुमची सगळी झाडं मिळून जन्मात खाणार नाहीत, वर डेंग्यू फुकट.

दुसरा खुनी प्रेमाने येतो. "बिचारं बारीक आहे" म्हणून लोक लाल माती, शेणखत, गांडूळखत, चिमूटभर डीएपी घालतात. मोगऱ्याला हे अमृत, याला विष. याची कुंडी भरायची ती पीट मॉस किंवा स्फॅग्नम मॉस आणि परलाइट यांनी. म्हणजे ज्यात पाणी राहतं पण पोषण जवळपास शून्य. कोकोपीट स्वस्त आहे, पण त्यात बऱ्याचदा मीठ असतं. वापरायचंच तर कमी टीडीएसच्या पाण्यात पुन्हा पुन्हा भिजवून, पिळून, निथळणाऱ्या पाण्याचा आकडा खाली आल्यावरच. बांधकामाची वाळू नको. मातीची कुंडीही नको, कारण ती क्षार शोषते आणि सोडते. साधी प्लास्टिकची कुंडी बेस्ट. ती उथळ ट्रेमध्ये ठेवायची आणि ट्रेमध्ये बोटभर पाणी. वरून शिंपडत बसायची गरज नाही.

तिसरा खुनी म्हणजे आपला पाहुणचार. फ्लायट्रॅपच्या प्रत्येक पाकळीवर आत साधारण तीन बारीक केस असतात. एकाला धक्का लागला तर काही होत नाही. वीसेक सेकंदांत दुसरा धक्का लागला तरच तोंड मिटतं. पावसाच्या थेंबाने किंवा काडीकचऱ्याने फसू नये म्हणून ही सोय. जर्मनीच्या व्युर्त्सबुर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की झाड यापुढेही मोजत राहतं. आत अडकलेला किडा धडपडून आणखी धक्के देतो, ते पाचच्या आसपास गेले की मग पाचकरसाची तयारी सुरू होते. म्हणजे मेलेली माशी टाकली तर ती धडपडत नाही, आणि झाड काही वेळाने तोंड उघडून टाकतं. पनीर, चिकन, अंडं टाकणाऱ्यांचं तर विचारूच नका. ते सडतं आणि तोंडासकट जातं. डार्विनने टाकलं होतं, पण तो मोजून कणभर टाकत होता आणि वहीत लिहीत होता.

शिवाय प्रत्येक तोंड आयुष्यात मोजक्याच वेळा काम करतं. काडी घालून उघड-मीट करायला लावणं म्हणजे ते फुकट खर्च करणं. पाहुण्यांची पोरं आली की कुंडी माळ्यावर.

नगरकराने सुरुवात कशाने करावी?

स्पष्ट सांगायचं तर फ्लायट्रॅपने करू नये. रीलमुळे तोच आधी घेतला जातो आणि आपल्याकडे तोच सगळ्यात अवघड आहे. त्याला हिवाळ्यात तीन महिने थंडीची झोप लागते, दहा अंशांच्या आसपास किंवा खाली. नगरला डिसेंबर-जानेवारीच्या रात्री गार असतात, पण दुपारी ऊन चटकतं. झोप मिळाली नाही तर एक वर्ष जगतं, दुसऱ्या वर्षी खंगतं. उलट ज्यांना हे माहीत नसतं ते थंडीत पानं काळी पडून झाड बारीक झालं की मेलं समजून फेकून देतात. झोपलेलं असतं ते बिचारं. घरात जागा आणि बायकोची परवानगी असेल तर काही हौशी लोक या काळात ते मुळासकट काढून, ओल्या मॉसमध्ये गुंडाळून, पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवतात. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण चालतं. फक्त फ्रीझरमध्ये नाही, आणि पिशवीवर नाव लिहा. नाहीतर कोथिंबिरीसोबत भाजीत जाईल.

सुरुवात करायची तर दवबिंदूने करा. दक्षिण आफ्रिकेतला ड्रोसेरा केपेन्सिस किंवा ऑस्ट्रेलिया-आशियातला चमच्यासारख्या पानांचा ड्रोसेरा स्पॅट्युलाटा, दोन्ही भारतात वाढवलेले मिळतात, थंडीची झोप मागत नाहीत. पूर्वेच्या खिडकीतलं सकाळचं ऊन, ट्रेमध्ये पाणी, बस्स. पानांवर थेंब चकाकत असतील तर झाड खूश. थेंब गायब झाले तर ऊन, पाणी किंवा हवेतली ओल कुठेतरी बिघडली आहे. इतकं बोलकं झाड दुसरं नाही. आपलीच बर्मानाय जातही हौशी लोक पिढ्यानपिढ्या कुंडीत बियांवर वाढवतात. अशा कुंडीतल्या झाडाच्या बिया मिळाल्या तर उत्तम. बी धुळीसारखं असतं, ते मातीत गाडायचं नाही, ओल्या मॉसवर नुसतं भुरभुरायचं. त्याला रुजायला उजेड लागतो.

घटपर्णी हवी असेल तर नर्सरीत मिळणारी संकरित 'व्हेंट्राटा' घ्या. ती उष्णता सोसते. तिची अडचण नगरची कोरडी हवा. एप्रिलच्या दुपारी इथे ओठ फुटतात, तिचे घडे का टिकतील? प्रवासात आलेले घडे बहुतेकदा वाळतातच, त्याने घाबरू नका. नवीन पानांना घडे येतात का ते बघा. कूलर चालू असलेली खोली हिला मानवते, पण कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. घड्यातलं पाणी "शिळं झालं" म्हणून ओतून टाकू नका, तोच तिचा पाचकरस आहे.

मार्च ते मे या काळात कुठलंही कीटकभक्षी झाड गच्चीवरच्या दुपारच्या उन्हात नको. चाळीस अंशांत काळी कुंडी आतून शिजते. हिरव्या शेडनेटखाली किंवा पूर्वेच्या बाल्कनीत आणा.

खरेदी करताना

फ्लायट्रॅपच्या निळ्या, जांभळ्या, इंद्रधनुषी रंगाच्या बियांची पाकिटं ऑनलाईन दिसतात. तसा फ्लायट्रॅप अस्तित्वात नाही. ते फोटो एडिट केलेले असतात आणि पाकिटात काय निघेल याचा नेम नाही. खरं बी काळं, चकचकीत, खसखशीहून थोडं मोठं असतं. ते रुजलं तरी पूर्ण वाढीचं झाड व्हायला तीन-चार वर्षं लागतात. परदेशातून थेट बी मागवणं तर आणखी नको, त्याला वनस्पती आयातीचे नियम लागू आहेत. २०२० मध्ये अनेक देशांत लोकांच्या घरी न मागवलेल्या बियांची पाकिटं यायला लागली, तेव्हा आपल्या केंद्रीय कृषी मंत्रालयानेही सावध राहायला सांगितलं होतं. अनोळखी बियांसोबत कीड आणि तण येऊ शकतं.

रोप घेताना विक्रेत्याला एकच विचारा: हे कुठे वाढवलंय? टिश्यू कल्चरचं असेल तर तो लगेच सांगेल. जळगावची केळी ज्या तंत्राने लाखोंनी तयार होतात तेच हे तंत्र, त्यामुळे साध्या जातींसाठी जंगलाला हात लावायची कोणाला गरजच नाही. रोप कधी आणायचं? जूनच्या शेवटी किंवा जुलैमध्ये. हवेत ओल असते, ऊन मवाळ असतं, रोपाला रुळायला चार महिने मिळतात. मे महिन्यात कुरिअरच्या गोदामात दोन दिवस पडलेलं खोकं उघडून बघण्यात काही अर्थ नसतो.

आणि हे डास मारायला आणणार असाल तर मच्छरदाणी स्वस्त पडेल. एक फ्लायट्रॅप महिन्याला दोन-चार किडे पचवतो, एकेक पचवायला आठवडा-दहा दिवस घेतो. बाल्कनीतल्या दवबिंदूवर चिलटं चिकटलेली दिसतील, मजा येईल, पण घरातले डास तसेच राहतील.

जंगलातली बघायची असतील तर सप्टेंबरमध्ये मधल्या वारी पाचनईच्या बाजूने हरिश्चंद्रगड चढा किंवा रतनवाडीच्या अमृतेश्वराचं दर्शन घेऊन रतनगडाच्या वाटेला लागा. जिथे कातळावरून पाणी झिरपतंय, शेवाळ आहे, माती काळी-ओली आहे तिथे वाटेवरच उभे राहून खाली वाका. निळं फूल सापडलं तर त्याच्याशेजारी लाल ठिपका शोधा. मोबाईल मॅक्रोवर, फ्लॅश बंद. थेंबात तुमचं आभाळ उलटं दिसेल आणि बऱ्याचदा त्याच थेंबात एक चिलट अडकलेलं असेल.